लेखनकला शिकविता येते काय?
(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीनंतर काय, हा प्रश्न घेऊन पालक शाळेत येतात तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर, आयटीआय यापुढे सहसा बोलणे जात नाही. एखादी मुलगी सुरेख गोष्ट लिहिते, एखादा मुलगा मोबाइलवर मोहल्ल्यातील वृद्धांच्या आठवणी टिपून ठेवतो. घरी त्याला ‘टाइमपास’ म्हणतात. परंतु याच गोष्टीला विद्यापीठांनी विद्येचा दर्जा देऊन शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ साली उच्च पदवीसाठी प्रबंधाऐवजी कथा-कविता स्वीकारण्याचे ठरविले. १९३६ मध्ये तेथे लेखन-कार्यशाळा सुरू झाली. १९७० मध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठानेही असा एम.ए. अभ्यासक्रम काढला. तेथे शिकलेले काझुओ इशिगुरो यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिभा का कोठे शिकविता येते, असे आपण म्हणाल. प्रतिभा शिकविता येत नाही, हे तेही मान्य करतात. ते शिकवितात ती दुरुस्ती. विद्यार्थ्याची कथा आधीच सर्वांना वाचायला दिली जाते. मग वर्गात तिच्यावर चर्चा होते आणि लेखकाने, रूढ पद्धतीप्रमाणे, गप्प बसून ती ऐकायची असते.

उर्दू शायरीची परंपरा जाणणाऱ्यांना हे परके वाटू नये. आपल्याकडे याला ‘इस्लाह’ म्हणतात. मिर्झा गालिब आपल्या शागिर्दांच्या गझला टपालाने मागवून दुरुस्त करून परत पाठवीत. १८५४ मध्ये जौक वारल्यावर खुद्द बहादुरशहा जफर त्यांच्याकडून इस्लाह घेऊ लागले. बादशहालाही दुरुस्तीचा कमीपणा वाटला नाही! फरक इतकाच की, तेथे उस्तादाचा शब्द अखेरचा असे, कार्यशाळेत सोबतीही बोलतात.

चित्रपटाचे शिक्षण तर आपल्या दाराशी आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथेच ध्वनिमुद्रण शिकलेले रसूल पुकुट्टी २००९ मध्ये ऑस्कर विजेत्यांत होते. दिल्लीच्या जामिया मिल्लियात १९८२ पासून जनसंवादाचे केंद्र आहे. चित्रपट, दूरदर्शन, नभोवाणी तेथे शिकविली जाते.

आता त्यात पॉडकास्टची भर पडली आहे. पॉडकास्ट म्हणजे हवे तेव्हा ऐकता येणारा, इंटरनेटवरील ध्वनिमुद्रित कार्यक्रम. २००४ च्या सुमारास हे नाव रूढ झाले. त्याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. परंतु नेमका प्रश्न विचारणे, समोरच्याचे ऐकून घेणे आणि तासाभराच्या बोलण्यातून कामाची दहा मिनिटे निवडणे, याला मात्र शिक्षण लागते.

बंधुंनो, मी खोटी आशा दाखवीत नाही. या पदव्यांनी नोकरीची हमी मिळत नाही. प्रवेश मोजके असतात, परीक्षा कठीण असते, काही ठिकाणी खर्चही फार येतो. म्हणून हाती दुसरे एखादे कसब असावे, हे माझेही मत आहे. परंतु दुसरी बाजूही पाहा. चित्रपटात आपला माणूस एक तर नवाब दिसतो, नाही तर गुंड. शिवण मारणारी विधवा, बोटीवरचा खलाशी, रिक्षा चालवून मुलीला शिकविणारा बाप कोठेच दिसत नाही. याची तक्रार आपण वर्षानुवर्षे करीत आलो. पण पटकथा लिहिणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत आपल्या मुलाला जाऊ देतो का? मोहल्ल्यातील एक एक वृद्ध जातो आणि त्याच्याबरोबर न लिहिलेले एक पुस्तक दफन होते.

शाळेने एवढे तरी करावे. आठवड्यातून एक तास मुलांनी आपले लेखन वर्गात वाचावे. तिघांनी त्यावर बोलावे, लेखकाने ऐकावे आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा लिहून आणावे. याला पैसा लागत नाही. आणि पालकहो, उद्या आपली मुलगी अशा अभ्यासक्रमाचा अर्ज घेऊन आली, तर ‘लोक काय म्हणतील’ हे विचारण्यापूर्वी तिने लिहिलेले एकदा वाचा. मग काय ते ठरवा.