मीठ आणि स्त्रियांचीं हाडें

मिठावांचून अन्न अळणी, हें खरें; परंतु अधिक मिठाचें मोल हाडांना द्यावें लागतें, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. मूत्रपिंडें जादा सोडियम बाहेर टाकतात, तेव्हां त्यासवें कॅल्शियमहि वाहून जातें. सुमारें ६ ग्रॅम मिठामागें ४० मिलिग्रॅम, असें सर्वसाधारण प्रमाण आहे. आहारानें ही तूट भरली नाहीं, तर शरीर हाडांतील सांठ्यास हात घालतें. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटून स्त्रियांचीं हाडें आधींच वेगानें झिजूं लागतात. तेव्हां ही गळती अधिकच जाचते. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगितलें आहे. पापड-लोणच्यांतील मीठहि त्यांतच धरावयाचें. गृहिणीनें पानाची डावी बाजू थोडी आवरावी, आणि दूध, तीळ, नाचणीची भाकरी यांना नित्य स्थान द्यावें.