जागरणाचा हिशेब

कवीला रात्र लागते, असा एक गोड गैरसमज मी तीस वर्षं जपला. घर झोपलं की वही काढायची, दीड-दोनपर्यंत जागायचं, मध्ये दोनदा चहा आणि डब्यातली खारी. साडेसहाला पुन्हा नोकरीसाठी उठायचं. मुशायरा असला तर घरी यायला फजरची अजान व्हायची. पन्नाशी ओलांडल्यावर एकदा रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर १३८ निघाली. डॉक्टर काय खाता ते विचारतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी विचारलं, "झोपता किती?" मी काहीशा अभिमानानेच म्हणालो, "चार तास." ते हसले नाहीत.

'हॉर्मोन' हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला. मूळ ग्रीक अर्थ, चालना देणारा. आपण मराठीत संप्रेरक म्हणतो. त्या शब्दात प्रेरणाही आहे, हे मला फार आवडतं. मी रात्रभर एका प्रेरणेची वाट पाहत होतो आणि आत दुसऱ्याच प्रेरकांचं वेळापत्रक बिघडत होतं.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसॉल पाझरतं. पहाटे ते वाढतं, मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी होतं. भांडण, भीती, कर्जाचा हप्ता यांनीही ते वाढतं आणि मग यकृत रक्तात साखर सोडतं. वाघ मागे लागला तर ही साखर पळायला कामी येते. हप्त्याची चिंता आपण खुर्चीत बसून करतो. १९९९ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची ताकद घटली, संध्याकाळचं कॉर्टिसॉल चढं राहिलं. अवघ्या सहा रात्री! अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, असंही काही प्रयोगांत दिसलं. रात्री एकला खारीचा डबा का आठवतो, ते मला तेव्हा कळलं. अर्थात सगळा दोष जागरणाचा नाही. अब्बांनाही मधुमेह होता.

पण ताण आणि झोप यांच्या नावावर सगळंच खपवू नये, हे मला बायकोच्या आजाराने शिकवलं. ती थकायची, केस गळायचे, भर मे महिन्यात पंखा बंद करायची. आम्ही सगळे म्हणायचो, "टेन्शन घेऊ नकोस, जरा झोप." वर्ष गेलं. शेवटी तपासणीत थायरॉइड मंदावलेलं निघालं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, ती थायरॉइडला हुकूम देते. समोरचा ऐकेना की आपण आवाज चढवतो ना, तसा तिचा टीएसएच वाढतो. तिचा खूपच वाढला होता. हा आजार आराम करून जात नाही, गोळी घ्यावीच लागते. ते वर्ष मला अजून बोचतं.

गोळी सुरू झाली तरी आकडा उतरेना. मग उलगडा झाला. बाईसाहेब ती सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या, जोडीला कॅल्शियमची गोळी. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. एवढं केलं आणि आकडा उतरू लागला. शेजारणींनी कोबी-फ्लॉवर बंद करायला लावलं होतं. शिजवून बेताने खायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उलट आयोडीनचं मीठ सोडून सैंधव सुरू केलं होतं, ते मात्र त्यांनी थांबवलं.

रमजानमध्ये आमच्या घरी प्रश्न उभा राहतो. तरावीहनंतर झोपायला अकरा, सहेरीला चारच्या आत उठायचं. झोपेचे दोन तुकडे होतात, वर इफ्तारला भजी आणि सरबत. आता रमजानच्या महिनाभर आधी आम्ही दोघं डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेतो. दुपारी मी तासभर पडतो, रोजा खजूर-पाण्याने सोडतो, भजी शुक्रवारी. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, हे मौलानांना विचारून घेतलं. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, हे डॉक्टरांनी बजावलं आहे. आजाऱ्याला सवलत कुराणातच आहे. तरी पहिल्यांदा दुपारी तीनला रोजा सोडावा लागला तेव्हा पाण्याचा घोट घशाखाली उतरेना.

आता मी अकराला दिवा मालवतो. परवा मध्यरात्री एक ओळ सुचली, चांगली होती. उठलो नाही. सकाळी ती काही केल्या आठवेना. बायकोला सांगितलं, तर चहाचं आधण ठेवता ठेवता ती म्हणाली, "आधी साखर मोजा."