साडेतीन हातांचे अंतर



व्याख्यानमालेला सायकल हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या सभेला सायकलीवरून आलेले जे थोडे श्रोते आहेत, ते घरी कसे पोहोचतात हा प्रश्न काही क्षुल्लक नव्हे.

भिंगारहून नगरला मी अनेक वर्षे सायकलीने येत असे. एकदा उसाच्या ट्रॅक्टरने मला ओलांडले. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली. सुटलो असे समजून मी खड्डा चुकवायला उजवीकडे वळतो, तो दुसरी ट्रॉली यायचीच होती! बाहेर डोकावणारा ऊस खांद्याला घासून गेला. चालक दुष्ट नव्हता. त्याने आपल्या बैठकीपुरते अंतर पाहिले, मागच्या ओझ्याचे पाहिले नाही, इतकेच.

मग अंतर ठेवावे तरी किती? जर्मनीने 2020 पासून शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असे नियमातच लिहिले. आपल्या 2017 च्या वाहनचालन नियमावलीत असा मापाचा आकडा नाही. दीड मीटर म्हणजे साडेतीन हातांना थोडे कमी. माणसाचा देहही आपण साडेतीन हातांचाच म्हणतो. सायकलस्वार आडवा पडला तर साधारण तेवढीच जागा घेतो.

“आमच्या रस्त्यांवर एवढी जागा कुठे आहे?” असे कोणी विचारील. हिशेब करू. दोनपदरी रस्ता सात मीटरांचा धरा. सायकल कडेपासून अर्धा मीटर, तिची रुंदी पाऊण, मधली मोकळी जागा दीड, मोटार पावणेदोन; बेरीज साडेचार. म्हणजे मोटार मध्यरेषा ओलांडणारच. समोरून वाहन येत असेल तर मागे राहावे, दुसरा उपाय नाही. हॉर्न वाजवला की जागा निर्माण होते अशी आपल्याकडे एक श्रद्धा आहे. कापडबाजारात ती रोज खोटी ठरते, तरी सुटत नाही.

सायकलवाल्यांनाही सांगतो, अगदी गटारीला चिकटून जाऊ नका. त्यामुळे मागच्याला वाटते, याच पदरात आपण मावतो; आणि खड्डा आला तर तुम्हाला डावीकडे हलायला वाव उरत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. शंभर मीटर सायकलीमागे ताशी 15 किलोमीटरने गेलात तर 24 सेकंद लागतात; 40 च्या वेगाने 9 लागले असते. खोळंबा झाला तो पंधरा सेकंदांचा.