खुब्याचे दुखणे आणि शस्त्रक्रिया



हाडाचे दुखणे निघाले की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, चाकू लागला की माणूस जन्माचा अधू झाला. दुसरा म्हणतो, सुरतेला न्या आणि एकदाचे मोकळे व्हा. परिचारिका म्हणून मी पुष्कळ वर्षे काम केले. दोघांनाही मी एवढेच विचारते, दुखणे कुठवर आले आहे?

आज खुब्यापुरतेच बोलते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल पुष्कळ आढळतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक वाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा अशाच बारीक वाहिन्यांवर जगतो. रक्त अडले की तो आतून मरतो आणि पुढे अंगाच्या भाराने चेपतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. दुखते जांघेत, कधी गुडघ्यात. मग बाई गुडघ्याला तेल चोळीत बसते. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते.

गोळा वाटोळा आहे तोवर निवडीला जागा असते. काठी, ओझे बंद आणि शिकवलेला व्यायाम हा एक मार्ग; हाडाला भोक पाडून आतला दाब उतरवणे हा दुसरा. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिकलसेलचे ३८ रुग्ण सरासरी तीन वर्षांनी तपासले. नुसता व्यायाम केलेले आणि शस्त्रक्रिया करून व्यायाम केलेले जवळजवळ सारखेच निघाले. रुग्ण थोडे होते, हे खरे. तरी घाई करणाऱ्यांनी हे ऐकावे. आता ओझे उचलू नको असे डॉक्टर सांगतात, पण हंडा कोणी आणायचा ते सांगत नाहीत! तो घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला, तरच हा उपचार झाला.

गोळा चेपल्यावर मात्र व्यायामाने तो पुन्हा वाटोळा होत नाही. मग सोसणे किंवा सांधा बदलणे. नव्या सांध्याने वेदना जाते, पण उकिडवे बसणे बहुधा सोडावे लागते, चूल ओट्यावर घ्यावी लागते. तरुणपणी बसवलेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागण्याचा संभव असतो. सिकलसेलमध्ये जंतुसंसर्गाची भीतीही अधिक. तरीही जिला रात्री झोप नाही, अंगणापर्यंत चालवत नाही, तिला "लग्न व्हायचे आहे, आता नको" म्हणून थांबवणे मला पटत नाही. व्रण लुगड्याखाली झाकतो, लंगडणे झाकत नाही.

शस्त्रक्रिया कोणतीही असो, भूल देण्याआधी सिकलसेल आहे हे डॉक्टरांना सांगा. थंडी, पाण्याची व प्राणवायूची कमतरता यांनी पेशी अधिक वाकतात, म्हणून आधी तयारी करावी लागते, कधी रक्तही द्यावे लागते. तपासणीनंतर मिळालेले सिकलसेलचे कार्ड पेटीत ठेवू नका, रुग्णाबरोबर पाठवा.