लक्षद्वीपची सहल आणि शुक्रवारची मिळकत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सहलीवर थोडे बोला असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा वीस मिनिटांत आख्खे लक्षद्वीप कसे आटपावे, असे मनात आले. पण लक्षद्वीप मुळी आहेच एवढेसे! एकंदर ३६ बेटे, त्यांतल्या दहांवरच माणसांची वस्ती, आणि सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी भरते ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या निघाली ६४ हजारांच्या घरात. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते चारशे किलोमीटर दूर, चहूकडे समुद्र आणि मध्ये नारळीची ही हिरवी ठिपकी.

आपल्या मंडळाच्या आम्ही चौदा जणी २०१९ च्या जानेवारीत तेथे जाऊन आलो. दोन वर्षे भिशीतून पैसे साठवले होते. ते जमले, अवघड गेले ते निराळेच. त्या बेटांवर जाण्यास परवाना लागतो आणि परवान्याकरिता पोलिसांचा दाखला. चौदा बायका एकदम पोलिसठाण्यात शिरलेल्या पाहून तेथील हवालदार उठूनच उभे राहिले. "काय झाले? मोर्चा आहे का?" म्हणून विचारू लागले. "मोर्चा नाही, सहल आहे," असे सांगितल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "बरोबर पुरुष कोण?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी प्रत्येकीचा फोटो जरा जास्तच निरखून पाहिला, पण दाखले मिळाले.

कोकण रेल्वेने एर्नाकुलम, तेथून कोचीच्या धक्क्यावर जहाज. रात्री जहाजावर निजायचे, दिवसा बेटावर उतरायचे, असा पाच दिवसांचा बेत. भगिनींनो, पाच दिवस आम्हांपैकी कोणी भाजी निवडली नाही की कुकरची शिट्टी मोजली नाही. पहिल्या सकाळी आयता चहा पुढे आला तेव्हा दोघी-तिघी उगीचच कपबशा गोळा करू लागल्या. सवय!

मोठे जहाज बेटाला लागत नाही. बेटाभोवती पोवळ्याच्या खडकाचे कडे असते आणि आतले पाणी उथळ. म्हणून जहाज बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि त्याच्या कुशीतल्या दारातून लहान होडीत उतरावे लागते. होडी लाटेबरोबर हातभर वर जाते, हातभर खाली येते. खलाशी "आता!" म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. आमच्यातल्या आजी ७१ वर्षांच्या, नऊवारीतल्या. (त्यांचे नाव सांगू नये अशी मला सक्त ताकीद आहे.) त्यांना जहाजावरच बसू द्यावे, असा आम्हां पाचवारीवाल्यांचा विचार चालला होता. तोवर आजींनी नऊवारीवर ते नारिंगी जाकीट चढवले आणि सर्वांच्या आधी होडीत जाऊन बसल्या. वर आम्हांलाच म्हणाल्या, "ओच्यापदराला कासोटा बरा, हे आता तरी पटले का?"

कवरत्तीला पाण्याची हकीकत कळली. बेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी वाळूतून खाली मुरते आणि हलके असल्यामुळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. तेवढाच गोड्या पाण्याचा पातळ थर. विहिरीला मिळतो तो तोच. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते. विहिरीचे पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते हे तेथील एका बाईंनी हात हलवून दाखवले. २००५ साली आपल्या शास्त्रज्ञांनी कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र बसवले. हवेचा दाब कमी केला की समुद्राचे वरचे कोमट पाणी न तापवताच वाफ होते. ती वाफ सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्याने निववली की पिण्याचे पाणी. दिवसाला एक लाख लिटर. हे ऐकल्यावर जहाजाच्या न्हाणीघरातला नळ आमच्याकडून कधी धो धो सुटला नाही.

आता मी ज्यासाठी उभी आहे त्याकडे येते.

कल्पेनी बेटाला जाण्यापूर्वी मला एक पुस्तक मिळाले होते. डॉ. लीला दुबे या मानववंशशास्त्रज्ञ. माहेरच्या अंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांची बहीण. त्यांनी कल्पेनीच्या समाजाचा अभ्यास करून १९६९ साली तो प्रसिद्ध केला. तेथील लोक मुसलमान. पण घराणे चालते ते आईकडून. घराण्याच्या सामाईक मिळकतीला म्हणतात 'शुक्रवारची मिळकत'. ती विभागायची नाही, आईकडून मुलीच्या वंशात जायची. स्वतः कमावलेली ती 'सोमवारची मिळकत'. ती धर्मशास्त्राप्रमाणे मुलाबाळांत वाटली जाते. जुन्या रिवाजात नवरा रात्री बायकोच्या घरी यायचा आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परतायचा.

म्हणजे तेथे बायकांचे राज्य, असे कोणी समजू नये. घराण्याचा कारभार पाहतो तो 'कारणवर', म्हणजे बहुधा थोरला मामा किंवा भाऊ. पण एक गोष्ट पक्की : नवऱ्याशी बिनसले तरी बाई रस्त्यावर येत नाही. घर तिच्या आईचे. जायचे झाले तर पाहुण्याने, म्हणजे नवऱ्याने, जायचे.

मिनिकॉयला तर हे डोळ्यांनी पाहिले. ही माणसे महल भाषा बोलतात, मालदीवच्या भाषेची बहीण. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, महिनोन्‌महिने जहाजावर. त्यामुळे गाव बायकांच्या हातात. गावाला पुरुषांचा मुखिया असतो, तशी बायकांची वेगळी मुखिया. १८८५ साली बांधलेला दीपस्तंभ सगळे पाहतात. आम्हीही चढलो, आजी सोडून. आजी खाली एका घरात झोपाळ्यावर बसल्या होत्या. घर इतके लखलखीत, की आपल्याकडे दिवाळीतच तसे दिसावे. घरच्या बाईंना हिंदी बेताचे, आजींचे त्याहून बेताचे. आजींनी विचारले, "घर किसका? मालक का?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मेरा. माँ का था. मालक जहाज पे."

त्या रात्री डेकवर वारा सुटला होता. भेंड्या सुरू करायच्या, तर आजींनीच प्रश्न टाकला : आपल्यापैकी किती जणींचे घर स्वतःच्या नावावर आहे? मोजले. चौदांत चौघी, आणि त्यांतल्या दोघींचे नाव नवऱ्याच्या नावाखाली. एका वहिनींना माहेरी बोलावून, जेवू घालून, भावाने हक्कसोडपत्रावर सही घेतली होती आणि साडी देऊन पाठवले होते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. वहिनींची सही त्यानंतरची. साडी अजून कपाटात आहे, नेसवत नाही, असे त्या म्हणाल्या. एका काकूंचे यजमान वारून तीन वर्षे झाली, तरी सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट त्यांच्याच नावावर, आणि ते कोठे ठेवले आहे हे ठाऊक फक्त थोरल्या मुलाला. त्या रात्री भेंड्या झाल्याच नाहीत.

परतल्यावर काकूंनी मुलाकडे सर्टिफिकेट मागितले. "आत्ताच कशाला?" म्हणून घरात चार दिवस अबोला झाला. मग काकू स्वतःच सोसायटीच्या कचेरीत गेल्या, अर्ज केला, आणि आठ महिन्यांनी नाव चढले. मुलगा अजून त्यांच्याजवळच राहतो, सूनही नीट बोलते. वहिनींचे मात्र काही झालेले नाही. नोंदलेले हक्कसोडपत्र सहजी फिरत नाही, असे वकीलबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांच्या धाकट्या बहिणीपुढे तसाच कागद आला होता; तिने सही केलेली नाही.

सहलीचे फोटो मागच्या टेबलावर ठेवले आहेत. नारिंगी जाकिटातल्या आजीही त्यांत आहेत. त्यांना न सांगता पाहावे.