खुंट रानातच वाढवा, कलम जागेवरच बांधा
(आंब्याच्या कलमांविषयी आकाशवाणीवरून दिलेले भाषण)



उन्हाळ्याच्या तोंडाला शेतकऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पावसाळ्यात चांगली हिरवीगार कलमं आणून लावली. दिवाळीपर्यंत बरी होती. मार्च-एप्रिलात एकेक करून वाळून गेली. आमच्या जमिनीत आंबा येतच नाही काय?"

येतो. आपल्या बांधांवर, ओढ्याच्या काठाला गावरान आंब्याची मोठमोठी झाडं उभी आहेत. त्यांना कुणी पाणी घातलं? खत घातलं? कोय पडली, रुजली आणि झाड झालं. त्याच जमिनीत गावरान झाड जगतं आणि विकत आणलेलं कलम मरतं. म्हणजे दोष जमिनीचा नाही. फरक आहे मुळांचा, आणि तोच आज समजून घ्यायचा आहे.

कोकणात कलमं कशी करतात ते आधी पाहू. जूनमध्ये कोयी गादीवाफ्यावर रुजवतात. दोनेक आठवड्यांत कोंब वर येतो. कोंबाची पानं तांबूस, कोवळी असतानाच कोयीसकट रोप उचलतात, त्यावर हापूसची काडी पाचर मारून बांधतात आणि पिशवीत लावतात. याला कोय कलम म्हणतात. ही रीत तिथं चांगली साधते, कारण जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात पावसाची झड असते आणि हवा दिवसरात्र दमट असते. कापलेली काडी सुकत नाही आणि सांधा जुळायला सवड मिळते. पूर्वी भेट कलमं करीत. त्यात रोपाची कुंडी मातृवृक्षाच्या फांदीशी टेकवून बांधावी लागे आणि एकेका कलमापाठी महिने जात. कोय कलमामुळे थोड्या काळात, थोड्या जागेत पुष्कळ कलमं तयार होऊ लागली.

आता आपल्या घाटमाथ्याच्या अलीकडच्या पठारी मुलखाकडे या. मराठवाडा, सोलापूर, नगरचा भाग घ्या. पाऊस कमी, तोही खंड पाडून येणारा. ऑगस्टमध्ये पंधरा-पंधरा दिवस ऊन पडतं आणि कोरडा वारा सुटतो. पुढे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा हवेत पिशवीतल्या कलमाची गत काय होते? पिशवी वीतभर खोल. सोटमूळ तळाला टेकतं आणि तिथंच वेटोळं घेतं. ते कलम आपण रानात लावतो तेव्हा त्याची मुळं वरच्या हातभर मातीतच असतात. फेब्रुवारीनंतर ती माती कोरडी ठणठणीत होते. खाली ओल असते, पण तिथवर मूळ पोचलेलं नसतं. ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे तो कलम जगवतो. ज्याच्याकडे नाही त्याचे पैसेही जातात आणि वर्षही जातं.

यावर उपाय एकच. खुंट रोपवाटिकेत न वाढवता रानातच वाढवायचा. कोय थेट खड्ड्यात लावायची म्हणजे सोटमूळ पहिल्या पावसाळ्यापासून सरळ खाली जातं. ते कुणी कापत नाही, वाकवत नाही. पुढच्या वर्षी रोप जोमात आलं की त्याच जागी कलम बांधायचं. शास्त्रीय भाषेत याला जागेवरील मृदुकाष्ठ कलम म्हणतात. मृदुकाष्ठ म्हणजे कोवळं लाकूड. मूळ गावरानाचं काटक आणि डोकं केशराचं गोड, असा हा संसार आहे.

आता कामाची रीत सांगतो.

एप्रिल-मे महिन्यांत खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असावा. दोन झाडांत आणि दोन ओळींत १० मीटर अंतर ठेवलं तर एकरी ४० झाडं बसतात. पाण्याची सोय असेल आणि दरवर्षी छाटणी करण्याची तयारी असेल तर केशर ५ मीटरवरही लावता येतो. मग एकरी १६० झाडं होतात. कोरडवाहू शेतकऱ्यानं मात्र लांब अंतरच धरावं. खड्डा भरताना वरची चांगली माती, दोन-तीन घमेली शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावं. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. अर्धवट कुजलेलं खत म्हणजे वाळवीला आवतण. पूर्वी खड्ड्यात बीएचसी पावडर टाकीत असत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. घरात जुना डबा पडला असेल तर तो वापरू नये. निंबोळी पेंड मिसळावी.

कोयी गावरान, रोग नसलेल्या जोमदार झाडाच्या घ्याव्यात, आणि त्या ताज्या असाव्यात. आंब्याच्या कोयीची उगवणशक्ती महिनाभरातच कमी होते. गेल्या हंगामातली कोय कितीही जपून ठेवली तरी उपयोग नाही. कोयी पाण्यात टाकून पाहाव्यात. बुडतील त्या घ्याव्यात, तरंगतील त्या टाकून द्याव्यात. जूनमध्ये चांगला पाऊस झाला की एका खड्ड्यात तीन-चार कोयी एकमेकींपासून वीतभर अंतरावर, दोन बोटं मातीखाली लावाव्यात. ४० खड्ड्यांना १६० कोयी पुरतात. घरी आंबे खाऊनही तेवढ्या जमतात.

पहिला उन्हाळा हीच खरी कसोटी. रोपांच्या पश्चिमेला तुरकाट्यांचा किंवा कडब्याचा आडोसा करावा. बुडाशी पाचट किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं. मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घालावी आणि मडकं रोपांजवळ गळ्यापर्यंत पुरावं. दहा लिटरचं मडकं आठवड्यातून दोनदा भरलं तर ४० खड्ड्यांना आठवड्याला ८०० लिटर, म्हणजे २०० लिटरची चार पिपं पाणी लागतं. बैलगाडीनं आणलं तरी एवढं पाणी आवाक्यातलं आहे. जनावरांपासून राखण मात्र हवीच. शेळीनं एकदा शेंडा खाल्ला की वर्ष मागं पडलं म्हणून समजा.

दुसऱ्या वर्षी जुलै ते सप्टेंबर या काळात रोपाला नवी तांबूस पालवी फुटते. हीच कलमाची वेळ. पाऊस पडून गेलेला आहे, आभाळ आहे, हवेत ओल आहे असे दिवस निवडावेत.

कलमकाडी खात्रीच्या, फळावर आलेल्या झाडाचीच घ्यावी. काडी तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड आणि मोहोर न आलेली असावी. तोडण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पानं देठ राखून कापून टाकावीत. म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. डोळा फुगलेला, पण फुटलेला नाही, अशी काडी उत्तम. काड्या सकाळी कापाव्यात, ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात आणि होता होईल तो त्याच दिवशी वापराव्यात.

खुंटाचा शेंडा कोवळ्या भागात आडवा छाटावा. मधोमध धारदार चाकूनं दीड-दोन इंच उभा काप घ्यावा. काडीच्या बुडाला तेवढीच पाचर दोन्ही बाजूंनी तासावी. पाचर एका हातात गुळगुळीत उतरली पाहिजे, खरवडलेली नको. ती कापात बसवताना निदान एका बाजूला सालीला साल भिडवावी. सांधा जुळतो तो सालीखालच्या ओल्या थरातून. तो थर चुकला तर बाकी सगळं व्यवस्थित करूनही काडी वाळते. मग पोटरीएवढ्या लांब, अंगठ्याएवढ्या रुंद प्लॅस्टिक पट्टीनं खालून वर घट्ट बांधावं. आपल्याकडे हवा कोरडी, म्हणून काडीवर लहान प्लॅस्टिक पिशवीची टोपी घालून खाली सैलसर बांधावी. कोकणातली दमट हवा आपण त्या टोपीत तयार करतो, एवढंच. सांध्याखालची जुनी पानं ओरबाडू नयेत. खुंटाचं पोट त्यांच्यावरच चालतं.

दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. फुटला की टोपी काढावी. पट्टी दोन-तीन महिन्यांनी, सांधा पक्का झाल्यावर न विसरता कापावी. नाहीतर खोड जाड होतं आणि पट्टीचा गळफास बसतो. खड्ड्यातल्या दोन-तीन रोपांवर कलम बांधावं. त्यातलं जोमदार एक ठेवून बाकीची पुढे कापून टाकावीत. एक फसलं तर दुसरं असतं. सगळीच फसली तरी खुंट जिवंत आहेत. पुढच्या पालवीवर पुन्हा बांधता येतं. विकतचं कलम मेलं की खड्डा रिकामा राहतो. इथं तसं होत नाही.

आता सर्वांत मोठा धोका सांगतो. सांध्याच्या खालून खुंटाला फूट येते. ती गावरानाची असते आणि केशराच्या फुटीपेक्षा जोरानं वाढते. ती वेळच्या वेळी खुडली नाही तर वरचं केशर दबून मरतं, खालचं गावरान झाड होतं, आणि मालकाला ते पाचव्या-सहाव्या वर्षी फळ लागल्यावर कळतं. पाच वर्षं कुठून परत आणणार? म्हणून पहिली तीन वर्षं महिन्यातून एकदा प्रत्येक झाडाचं बूड बघायचंच. पहिली तीन वर्षं मोहोरही खुडून टाकावा. आधी झाडाचं अंग भरू द्यावं.

जातीविषयी. हापूसला समुद्रकाठची हवा मानवते. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या माती-हवेच्या गुणावर. पठारावर हापूसचं झाड वाढतं, पण तशी धरण आणि तसा स्वाद मिळत नाही. आपल्या कोरड्या हवेला केशर चांगला मानवतो. तोच लावावा. बांधावर लोणच्याची दोन-चार गावरान झाडंही राखावीत. उद्याच्या कोयी तिथूनच यायच्या आहेत.

हीच रीत बोरीलाही चालते. रानबोर जागेवर छाटून नव्या फुटीवर उमराण किंवा कडाक्याचा डोळा भरला की कमी पाण्यात बाग उभी राहते. कारण तेच, मूळ आधीच खोल गेलेलं असतं.

ज्यांना तयार कलमंच घ्यायची आहेत त्यांनी परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. फळरोपवाटिकांसाठी आपल्या राज्यात १९६९ पासून कायदा आहे. जातीचं नाव लिहिलेली पावती मागून घ्यावी. दारावर टेम्पो घेऊन येणाऱ्याचा पुढच्या वर्षी पत्ता लागत नाही. कलमाचा सांधा हातानं तपासावा. नुसतं रोप कापून, पट्टी गुंडाळून कलम म्हणून विकणारेही असतात.

थोडक्यात वेळापत्रक असं:

एप्रिल-मे : खड्डे खणणे, तापवणे, भरणे.
जून : ताज्या गावरान कोयी लावणे.
फेब्रुवारी ते मे : आडोसा, आच्छादन, मडक्यानं पाणी.
दुसऱ्या वर्षी जुलै ते सप्टेंबर : काडी तयार करून जागेवर कलम.
पुढे तीन वर्षं : खुंटाची फूट व मोहोर खुडणे, उन्हाळ्यात पाणी.

कलम बांधणं हे सुताराच्या कामासारखं आहे. ऐकून कळतं, पण हात बसायला सराव लागतो. आधी बांधावरच्या आंब्याच्या फांद्या कापून घरी बसून पंचवीस-तीस पाचरी तासाव्यात, मगच रोपाला चाकू लावावा. गावात चार जणांनी मिळून हे शिकून घेतलं तर कलमं बांधणाऱ्याची वाट पाहावी लागणार नाही. घरातल्या मुलींना, सुनांनाही शिकवावं. या कामाला ताकद लागत नाही, हात हलका लागतो.

यंदाच्या आंब्याच्या कोयी उकिरड्यावर टाकू नका. रामराम.