मैदानावर परत कोणी यावे, हे ठरवणार कोण?
(भाषणाचा मजकूर)



बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या खेळाडूने पुन्हा मैदानात उतरावे काय, हा प्रश्न वरवर केवळ नीतीचा वाटतो. पण तो आजवर कोणी सोडवला हे पाहिले म्हणजे त्याचे खरे स्वरूप उघड होते.

अमेरिकन मुष्टियोद्धा माइक टायसन १९९२ साली इंडियानापोलिसच्या न्यायालयात दोषी ठरला. त्याने गुन्हा नाकारला. मार्च १९९५ मध्ये तो तुरुंगातून सुटला आणि ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या रिंगणात उतरला. लढत ८९ सेकंदांत आटोपली. उलाढाल मात्र कोट्यवधी डॉलर्सची झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्याच्या जाहीर स्वागताचा बेत ठरला, तेव्हा कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनीच विरोध केला. वर्णद्वेष त्यांनी जन्मभर सोसला होता. पण त्याची ढाल करून स्त्रीवरील अत्याचार झाकण्यास ते तयार नव्हते.

ब्राझीलचा फुटबॉलपटू रॉबिन्हो याला मिलान येथील २०१३ सालच्या सामूहिक बलात्काराबद्दल इटलीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा दिली. अपील चालू असतानाच, ऑक्टोबर २०२० मध्ये, सांतोस क्लबने त्याच्याशी करार केला. प्रायोजक पैसा काढून घेऊ लागले, तेव्हा काही दिवसांतच करार स्थगित झाला. २०२२ मध्ये शिक्षा कायम झाली. २०२४ मध्ये तो ब्राझीलमध्ये तुरुंगात गेला.

एके ठिकाणी पैशाने दार उघडले, दुसरीकडे पैशानेच ते लावले. निकाल उलट, न्यायाधीश एकच!

डच बीच व्हॉलीबॉलपटू स्टीव्हन व्हान डे व्हेल्डे याचे प्रकरण वेगळे आहे. बारा वर्षांच्या मुलीवरील बलात्कार त्याने कबूल केला. २०१६ साली इंग्लंडमध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. मायदेशी नेल्यावर डच कायद्यानुसार ती कमी झाली आणि सुमारे तेरा महिन्यांत तो सुटला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो देशाच्या गणवेशात खेळला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याला क्रीडाग्रामाबाहेर, पत्रकारांपासून दूर ठेवण्यात आले. ज्याला लोकांसमोर उभे करता येत नाही, त्याला देशाचा प्रतिनिधी का करावे?

शिक्षा भोगलेल्या माणसाचा श्रमाचा अधिकार नाकारणे म्हणजे कोणत्याही न्यायालयाने न दिलेली जन्मठेप ठोठावणे होय. तुरुंगातून सुटलेल्या सुताराला रंधा मिळालाच पाहिजे. परंतु राष्ट्राचा गणवेश म्हणजे रंधा नव्हे. तो सन्मान आहे, आणि सन्मानावर कोणाचाही हक्क नसतो. पोटासाठी खेळणे आणि देशाच्या नावाने खेळणे यांतील हा भेद विसरला, की पुनर्वसनाच्या नावाखाली गौरव विकला जातो.

म्हणून नियम आधी लिहिलेले असावेत. निर्णय घेणाऱ्या मंडळात खेळाडूंचे आणि स्त्रियांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. ज्यांचा पैसा खेळाडूत गुंतला आहे, त्यांना तेथे मत नसावे. आणि पीडितेची इच्छा असेल, तर तिचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले जावे. या तिन्ही प्रकरणांत खेळाडूच्या पुनरागमनाची चर्चा जगभर झाली. पण ते ठरवताना तिला कोणी विचारले काय?